आपल्या देशाचा दाब

३ फेब्रुवारी, सोमवार

सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. मग छापखान्याच्या लक्षात आलं की चुका तशाच राहिल्या तरी पेपर खपतो. मुद्रितशोधकाचं टेबल उचललं आणि तिथे पिण्याच्या पाण्याचं मशीन ठेवलं. पाच महिने घरी बसलो. स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांचं शुद्धलेखन मी सुधारायला घेतलं, तेव्हा बायको म्हणाली, "कुठेही जा, पण जा."

आज नोकरी लागली. टायरच्या दुकानावर दुसरा मजला, जिन्यात रबराचा वास. मालकीणबाई बाहेरच्या देशांतून छोटी यंत्रं मागवतात: वाफ घ्यायची, साखर तपासायची, रक्तदाब मोजायची. यंत्राबरोबर येणारी पुस्तिका मी मराठीत आणायची.

"तशी पुस्तिका वाचतं कोण म्हणा," मालकीणबाई म्हणाल्या.

"माझी ताई वाचते," मी म्हटलं.

खरंच वाचते. औषधाच्या खोक्यातला घड्या घातलेला कागदसुद्धा शेवटपर्यंत. मी पेपरात होतो तेव्हा रोजचा अंक ती पहिल्या ओळीपासून वाचायची, कारण तो मी तपासलेला. त्यात माझं नाव एकदाही आलं नाही, तरी तिच्या लेखी अख्खा पेपर माझाच. नऊ वर्षांनी मोठी आहे, एकटी राहते, बसने तीन तासांवर. मी शहाणा आहे असं मानणारी जगातली एकमेव व्यक्ती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसात तिसरा माणूस म्हणजे दुरुस्तीवाला. शर्टाच्या खिशात कायम टेस्टर, म्हणून त्याचं नावच टेस्टर पडलंय. शिक्षण बेताचं, आत्मविश्वास भरपूर.

त्याने आज रक्तदाबाच्या यंत्राचं खोकं उघडून दाखवलं. यंत्र, दंडाला बांधायचा पट्टा, वायर, वायरीला एक काळा ठोकळा, आणि प्लगची चार वेगवेगळी डोकी.

"कारखाना एक, देश पन्नास," टेस्टर म्हणाला. "प्रत्येकानं आपापल्या भिंतीला मनाला येतील तशी भोकं पाडलीत. अमेरिकेत दोन चपट्या पट्ट्या. युरोपात दोन गोल काड्या. ब्रिटनमध्ये तीन चौकोनी खुंट्या, अनवाणी पायाखाली आल्या तर देव आठवतो. आणि ऑस्ट्रेलियात तिरक्या, रुसल्यासारख्या."

"वीज तरी सगळीकडे सारखी?"

"छे! जपानात शंभर, अमेरिकेत एकशे वीस, आपल्याकडे दोनशे तीस."

"मग सगळ्यांनी एकदा बसून ठरवायचं नाही का?"

"साहेब, तुमच्या इमारतीत जिन्याला कोणता रंग द्यायचा ते ठरलं?"

तीन वर्षं झाली, ठरलेलं नाही.

ठोकळ्याच्या पाठीला एक बारीक कळ आहे. एका बाजूला लहान आकडा, दुसऱ्या बाजूला मोठा. कळ लहान आकड्यावर ठेवून आपल्या भिंतीत खुपसलं तर काय होतं, हे टेस्टरने प्रत्यक्ष करून दाखवलं. आतल्या खोलीतून मालकीणबाई ओरडल्या, "काय जळतंय?"

"प्रशिक्षण चाललंय," टेस्टर म्हणाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पान तिसरं, देशवार तक्ता. टेस्टर म्हणतो, सरळ 'व्होल्टेज' लिहा, शेंबड्या पोरालाही कळतं. मी म्हटलं, मराठीला काय दुष्काळ पडलाय? 'विद्युतदाब' असा खणखणीत शब्द आहे. पण तक्त्याचा रकाना अंगठ्याएवढा, आणि शेवटचा 'ब' खालच्या ओळीत लोंबायला लागला. मी 'विद्युत' उडवलं, नुसता 'दाब' ठेवला. आता तक्त्यात दाब आणि वर विद्युतदाब, असली खिचडी मला खपत नाही. सोळाही पानांत जिथे जिथे होतं तिथे 'दाब' केलं. एकसारखेपणा पाहिजे.

अंतिम मजकूर असा: "वापरण्यापूर्वी आपला दाब तक्त्यातील आपल्या देशाच्या दाबाशी जुळतो ना, याची खात्री करावी. दाब त्याहून कमी असणे योग्य नाही. जपान १००. अमेरिका १२०. ब्रिटन २३०. आपल्याकडे २३०."

सुटसुटीत. माझा मलाच हेवा वाटला.

संध्याकाळी ताईचा फोन. नव्या घरात फ्रिज कण्हतो, ट्यूब फडफडते. मी सांगितलं, वीज पुरेशी येत नसणार, कुणाला तरी बोलावून मोजून घे. "बरं झालं तू सांगितलंस," ती म्हणाली. मी काहीही सांगितलं तरी ती हेच म्हणते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वायरीच्या टोकांना टेस्टर बिनदिक्कत नर आणि मादी म्हणतो. खुंटीवाला नर, भोकवाली मादी. त्यांच्या धंद्यात म्हणे सगळे असंच म्हणतात. मालकीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "हे घराघरांत जाणार. जरा सभ्य लिहा." मी इतर काही शब्द सुचवले, पण प्रत्येक शब्दाला टेस्टर भिंतीकडे तोंड करून हसायचा. शेवटी 'पुरुष-टोक' आणि 'स्त्री-टोक' यावर एकमत झालं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पुस्तिका छापून आली! शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, माझं नाव. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. जेवणाच्या सुट्टीत चार वेळा काढून पाहिलं. टेस्टरने एकदा पाहिलं आणि म्हणाला, "भिंग पण द्या खोक्यात."

एक यंत्र ताईला पाठवलं. रक्तदाबासाठी ती गेली दहा वर्षं गोळ्या खाते, आणि तो मोजायला दर वेळी दवाखान्याचे दोन जिने चढते. आता घरबसल्या होईल.

४ मार्च, मंगळवार

ताईचा फोन. बोलणं शब्दशः लिहून ठेवतो, कारण माझा सल्ला असा चटकन कुणी मानत नाही.

"मोजला रे. एकशे अडुसष्ट."

म्हणजे वायरमनला बोलावलं एकदाचं. मी म्हटलं, "बघ! मला वाटलंच होतं, कमी असणार."

"हा कमी?"

"कमीच. दोनशे तीस पाहिजे."

"हो, पुस्तकात तू लिहिलंयस तसंच. मी तीनदा वाचलं. पण इथले लोक तर म्हणतात हा जास्त आहे."

इथले लोक म्हणजे वीजमंडळवाले. मी म्हटलं, "त्या लोकांचं ऐकू नकोस. खाली ठेवण्यातच त्यांचा फायदा असतो. वर्षानुवर्षं माणसाला झुलवतात."

"दहा वर्षं झाली," ताई म्हणाली. "मग बंद करू?"

"ताबडतोब बंद कर. इतक्या कमी दाबावर चालू ठेवलंस तर एक दिवस कायमचं बंद पडेल."

"अगं बाई! आणि दोनशे तीस झाला की?"

"मग बघू. तोवर हात लावायचा नाही."

"बरं झालं तू सांगितलंस."

फ्रिज दहा वर्षांचा जुना आहे हे मला माहीत नव्हतं. बायकोला सगळा संवाद वाचून दाखवला. ती म्हणाली, "स्वतःच्या घरातला गळका नळ बघा आधी."

७ मार्च, शुक्रवार

यंत्रं बरीच खपली आणि लोकांचे फोन सुरू झाले. मालकीणबाईंनी फोन उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला. "भाषा तुमची, निस्तरा तुम्ही."

पहिला फोन एका बाईंचा. "स्त्री-टोक मी लावलं. पण घरात पुरुष नाही हो कुणी, दुसरं कोण लावणार?" मी सांगितलं, तुम्हीच लावा. "चालतं?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

दुसरा एका गृहस्थांचा. "माझा एकशे चोवीस येतो. म्हणजे मी अमेरिकेत बसतो ना? मुलगा तिथेच आहे, जाऊन राहू का?" मी म्हटलं, जरूर राहा. लोकांना रिकामा वेळ फार.

तिसऱ्याने तर कहर केला. "जपानी माणसाचा शंभर, म्हणून ती माणसं इतकी जगतात. आपण दोनशे तीसवाले, कायम तापलेले." मी म्हटलं, भोकांचाही फरक आहे. त्याने फोन ठेवला.

टेस्टर म्हणतो, पुस्तिकेत काहीतरी गडबड आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! स्वतःला मराठी नीट वाचता येत नाही त्याला मी काय करणार?

१३ मार्च, गुरुवार

ताईचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "एकशे ब्याण्णव!"

"वा! चढतोय म्हणजे."

"अजून अडतीस राहिला. होईल ना रे?"

"होईल, धीर धर. बंद ठेवलंयस ना?"

"नऊ दिवस झाले. शेजारीण ओरडते माझ्यावर. मी तिला शेवटचं पान काढून तुझं नाव दाखवलं, मग गप्प बसली. आणि मीठही सुरू केलंय हो. दहा वर्षांनी जेवणाला चव लागली."

खारवलेलं अन्न फ्रिजशिवायही टिकतं, हे तिला बरोबर सुचलं. मी म्हटलं, "खा, चांगलं असतं."

"डोकं मात्र जड असतं सकाळी. परवा हातातून पेला निसटला."

मी म्हटलं, लक्ष नसतं तुझं, दुसरं काही नाही. लहानपणी हे वाक्य ती मला म्हणायची. दोघंही हसलो.

१७ मार्च, सोमवार

दुपारी एका म्हाताऱ्या शिंप्याचा फोन आला. "साहेब, माझा दाब एकशे चाळीसच्या वर जाईना. जिना चढून आलो, बायकोशी भांडण उकरून काढलं, तरी नाही. यंत्र बिघडलंय की मी?"

"अहो, तो भिंतीतला दाब आहे!"

"भिंतीला दाब असतो?"

"विजेचा हो, विजेचा! तक्त्यातला दाब विजेचा आहे!"

"कुठे लिहिलंय?"

"तिथेच लिहिलंय," असं म्हणून मी पुस्तिका उघडली. पान तीन. मग पान चार. मग पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत, बोट ठेवून, छापखान्यात वाचायचो तसं. 'वीज' नाही. 'विद्युत' नाही. रक्तदाब मोजायच्या यंत्राच्या पुस्तिकेत मी लोकांना सांगितलंय की आपला दाब दोनशे तीस असावा आणि त्याहून कमी असणं योग्य नाही.

'ध चा मा' झाल्याची गोष्ट शाळेत घोकली होती. एका अक्षराने माणूस गेला. मी अख्खा शब्द गाळला, आणि तोही रकान्यात मावेना म्हणून.

शिंप्याला म्हटलं, एकशे चाळीसही जास्तच आहे, डॉक्टरांना दाखवा, बायकोची माफी मागा. फोन ठेवला. ही वही कुणी तपासत नाही, म्हणून खरं लिहितो. माझा पहिला विचार त्या शिंप्याचा नव्हता. नोकरीचा होता आणि शेवटच्या पानावरच्या माझ्या नावाचा होता. छापणाऱ्यावर ढकलता येईल का, हा दुसरा. मालकीणबाई दोनदा टेबलाजवळून गेल्या, मी काही बोललो नाही. उद्या बघू.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी चहा पिताना बायको म्हणाली, "काल ताईंना फोन केला होता. आवाज कसा जड येत होता त्यांचा. फ्रिजमधलं सूप काढून गरम करत होत्या."

"फ्रिज बंद आहे तिचा."

"चालू आहे. आता कण्हत नाही म्हणाल्या, वायरमन महिन्यापूर्वीच येऊन तार बदलून गेला."

"मग तिने बंद काय केलं?"

बायकोने कप खाली ठेवला. मी वही आणली, चार मार्चचं पान काढून तिच्यापुढे धरलं. एकशे अडुसष्ट. इथले लोक. दहा वर्षं. मग बंद करू? तिने निम्मंच वाचलं.

"गोळ्या," ती म्हणाली.

ताई फोन उचलेना. शेजारणीचा नंबर बायकोकडे होता. शेजारीण धावत गेली आणि फोन चालू ठेवूनच ओरडली. ताई स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली, उजवा हात मांडीवर पडलेला, ओठ एका बाजूला उतरलेला. शुद्धीवर होती. शेजारणीला म्हणाली म्हणे, भावाला कळवू नकोस, घाबरेल.

हे बसमध्ये लिहितोय. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. मघाशी मालकीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. छापणाऱ्याचं नावसुद्धा काढलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "किती पुस्तिका गेल्या?"

"तीनशे बारा."

"वॉरंटी कार्डांवर नंबर आहेत. मी आणि टेस्टर लावतो फोन एकेकाला."

"माझी नोकरी..."

"आधी फोन ठेवा हो, लाइन मोकळी करा!"

१९ मार्च, बुधवार

वाचली. डॉक्टर म्हणतात मेंदूतली एक बारीक नस फुटली, जरा आणखी उशीर झाला असता तर ती इथे नसती. बोलणं जड आहे, उजवा हात उचलत नाही, हळूहळू येईल म्हणतात. आणली तेव्हा दाब दोनशे अठरा होता.

बारा राहिले होते. ती आनंदाने वाट बघत होती आणि मी तिला धीर देत होतो. मला माझीच किळस येते.

२१ मार्च, शुक्रवार

डॉक्टर कागद घेऊन आले. गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं, ते त्यांना लिहायचं होतं.

"मीच केल्या," ताई म्हणाली. एकेक शब्द ओढत. "पुस्तक वाचताना... चुकले मी. अडाणी... मी."

डॉक्टरांनी लिहायला सुरुवात केली. शेजारच्या खाटेवरची बाई, तिचा जावई, शेजारीण, बायको, सगळे ऐकत होते. ताईने माझ्याकडे पाहून डोळे मिटले, म्हणजे गप्प बस. शाळेत माझी शाई सांडली की ती मास्तरांपुढे असेच डोळे मिटायची आणि छडी स्वतः खायची.

"खोडा ते," मी म्हटलं. "तिने बरोबर वाचलं. चुकीचं लिहिलं मी. आणि गोळ्या बंद करायला फोनवर दोनदा सांगितलं, तेही मीच."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग?"

"भाऊ आहे," मी म्हटलं. डॉक्टरांनी खोडून नवीन लिहिलं: "बंधुंच्या सांगण्यावरून." त्यातला उकार ऱ्हस्व पडला होता. मी काही बोललो नाही.

ताई माझ्यावर चिडली. "एवढ्या लोकांत... कशाला?" मी तिचा उजवा हात धरून रडलो. एवढ्या लोकांतच रडलो.

संध्याकाळी टेस्टरचा फोन आला. तीनशे बारांपैकी दोनशे ब्याण्णव लोक सापडले. दोघांनी गोळ्या सोडल्या होत्या, पुन्हा सुरू केल्या. एक बाई म्हणाल्या, आम्ही पुस्तिका उघडलीच नव्हती. "देव त्यांचं भलं करो," टेस्टर म्हणाला. उरलेल्या वीस जणांच्या पत्त्यांवर तो उद्या स्वतः जाणार आहे. मग अडखळत म्हणाला, "ताई कशा आहेत? मी तेव्हा आणखी जोरात सांगायला पाहिजे होतं, साहेब." मी म्हटलं, तू जोरातच सांगितलं होतंस.

२५ मार्च, मंगळवार

आज ताईला उशीला टेकवून बसवलं. खिडकीतून ऊन येत होतं. नर्स आली, डाव्या दंडाला पट्टा बांधला, यंत्र घरघरलं आणि आकडा आला. एकशे शेहेचाळीस.

ताईने आकडा पाहिला. नर्सकडे नाही पाहिलं. डॉक्टर दारातच उभे होते, त्यांच्याकडेही नाही. मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि वाकड्या ओठाने, अगदी विश्वासाने विचारलं, "बरा आहे... का रे?"

इतकं होऊनही मलाच!

जिभेवर उत्तर तयार होतं. माझ्या जिभेवर उत्तर नेहमीच तयार असतं, सव्वीस वर्षांची सवय. मी ते गिळलं.

"मला माहीत नाही, ताई," मी म्हटलं. "त्यांना विचार."

ती माझ्याकडे बघतच राहिली. नर्स मधेच म्हणाली, उतरतोय, छान आहे. ताईने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

"माहीत... नाही?"

"नाही."

"मग इतकी वर्षं... काय सांगत होतास... मला?"

"सुचेल ते," मी म्हटलं.

बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली. ताईच्या चेहऱ्याची चालणारी बाजू आधी रागावली, मग हलायला लागली, आणि मग तीही हसली, अर्ध्याच तोंडाने, पण पोटापासून. तिने मला खुणेने जवळ बोलावलं. मी वाकलो. तिने डाव्या हाताने माझ्या टाळक्यात टपली मारली. चांगलीच लागली.